उपदेश आणि पुरावा : प्रफुल्लचंद्र राय यांच्या आत्मचरित्रातील विज्ञानपदवीधर

१

विज्ञानाची पदवी घेतलेल्या तरुणाने पुढे काय करावे, हा प्रश्न भारतीय विद्यापीठांत विज्ञानशिक्षण रुजू लागले तेव्हापासून विचारला जात आहे. त्याची उत्तरे अहवालांतून व दीक्षान्त भाषणांतून विपुल मिळतात. परंतु एका समर्थ वैज्ञानिकाने स्वतःचे आयुष्य समोर ठेवून, पानोपानी हाच प्रश्न मनात बाळगून लिहिलेला ग्रंथ विरळा. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे 'लाइफ अँड एक्स्पीरियन्सेस ऑफ अ बेंगॉली केमिस्ट' हे इंग्रजी आत्मचरित्र असा ग्रंथ आहे. त्याचा पहिला खंड १९३२ साली व दुसरा १९३५ साली प्रसिद्ध झाला. रसायनशास्त्रज्ञ, अध्यापक, कारखान्याचे संस्थापक, रसायनविद्येचे इतिहासकार आणि दुष्काळ व महापूर यांतील सेवाकार्याचे संघटक अशा अनेक नात्यांनी राय (१८६१-१९४४) यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. साहजिकच त्यांच्या शब्दाला वजन होते, आणि ते आजही ओसरलेले नाही.

या ग्रंथाकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. कोणी त्यात विज्ञानेतिहासाची साधने शोधतात, तर कोणी तरुणांसाठी स्फूर्ती. दोन्ही दृष्टी योग्यच आहेत. तथापि त्यांत एक गोष्ट निसटते. हा ग्रंथ विज्ञानपदवीधराविषयी एक सिद्धान्त मांडतो आणि त्या सिद्धान्ताला छेद देणारा पुरावाही स्वतःच पुरवतो. सिद्धान्त असा की पदवीधराची दैना ही मुख्यतः त्याच्या स्वभावाची दैना होय. पुरावा मात्र निराळे सांगतो : जेथे पदवीधराला वाट मिळाली तेथे ती कोणीतरी आधी बांधलेली होती. या दोहोंतील अंतर तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

ग्रंथाची घडण प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पहिल्या खंडाचे दोन भाग आहेत. पूर्वभाग वैयक्तिक आहे. खुलना भागातील राडुली हे जन्मगाव, फारसी व इंग्रजी जाणणारे जमीनदार वडील आणि त्यांचा ग्रंथसंग्रह, घराण्याची उतरती कळा, कलकत्त्यातील शाळा, दीर्घ आजाराने पडलेला खंड आणि त्या सक्तीच्या विश्रांतीतील अफाट वाचन, १८८२ सालची गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती, एडिंबरा येथे क्रम ब्राउन यांच्या हाताखाली झालेला अभ्यास, १८८७ सालची डी. एस्‌सी. पदवी, आणि १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात मिळालेली जागा, हे सारे त्यात क्रमाने येते. उत्तरभागात शिक्षण, उद्योग, अर्थकारण व समाज या विषयांवरील प्रकरणे आहेत.

दोन्ही भागांचा लेखक एकच असला तरी त्यांची लेखनपद्धती एक नाही. पूर्वभागात माणसे नावागावासह येतात, रकमा येतात, पत्ते येतात. हाडे कोठून आणली, ती कोठे वाळत घातली आणि त्यावर शेजाऱ्यांनी कशी कुरकूर केली, हेही लेखक सांगतो. उत्तरभागात पाऊल ठेवताच ही माणसे नाहीशी होतात. त्यांच्या जागी 'पदवीधर' नावाचा एकच नमुना उभा राहतो. तो पुस्तकी आहे, अंगमेहनतीला भितो, कारकुनीसाठी उंबरठे झिजवतो आणि व्यापाराची संधी परप्रांतीयांच्या हाती जाऊ देतो. त्याच्यासमोर फारसे न शिकलेला परंतु चिकाटीचा मारवाडी व्यापारी वारंवार उभा केला जातो. या व्यापाऱ्यालाही नाव किंवा चरित्र नाही. तोही एक नमुनाच आहे.

हा फरक केवळ शैलीचा नव्हे. आत्मचरित्रकार जेव्हा प्रसंग सांगतो तेव्हा प्रसंगातील सर्व कारणे, त्याच्या इच्छेविरुद्धही, कागदावर उतरतात. तो जेव्हा नमुना रंगवतो तेव्हा त्याला हवे तेवढेच कारण उरते. राय यांच्या पूर्वभागात कारणांची गर्दी आहे. उत्तरभागात एकच कारण आहे, आणि ते म्हणजे स्वभाव. धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) मराठी वाचकाला येथे आठवल्यावाचून राहणार नाही. कर्वे १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले, मुंबईत शाळा व शिकवण्या करून त्यांनी चरितार्थ चालवला, आणि १८९१ साली गोखले यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. हा प्रवास ते सरळ हकिकतीच्या स्वरात सांगतात. गणिताच्या पदवीधराला विद्येचा मार्ग खुला झाला तो डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सभासदत्वाची व्यवस्था आधी उभी केली होती म्हणून, हे त्या हकिकतीवरून वाचकाला आपोआप कळते. राय यांचे पूर्वभागातील निवेदन याच जातीचे आहे. उत्तरभागात त्यांनी ते सोडून दिले, हे ग्रंथाचे दुर्दैव म्हटले पाहिजे.

३

पूर्वभागातील एक प्रसंग या दृष्टीने कसोटीचा आहे. एडिंबऱ्याहून परतल्यावर राय यांना जवळजवळ वर्षभर नोकरीवाचून काढावे लागले. शिक्षणखात्यातील वरची श्रेणी व्यवहारतः इंग्रजांसाठी राखीव होती. अखेर १८८९ साली दरमहा २५० रुपयांवर साहाय्यक अध्यापकाची हंगामी जागा मिळाली. डी. एस्‌सी. झालेल्या माणसाला ही वागणूक अन्याय्य वाटली, म्हणून त्यांनी शिक्षणखात्याचे संचालक क्रॉफ्ट यांच्याकडे गाऱ्हाणे नेले. तेव्हा मिळालेले उत्तर राय यांनी नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा की आयुष्यात इतरही मार्ग मोकळे आहेत आणि ही जागा स्वीकारण्याची कोणी सक्ती केलेली नाही.

हा अपमान राय विसरले नाहीत, आणि तो विसरण्याजोगा नव्हताच. परंतु त्यातील तर्क पाहण्यासारखा आहे. ज्याने एक दार लावून घेतले तोच इतर दारांकडे बोट दाखवतो. ती दारे खरोखर उघडी आहेत काय, आणि ती कोणी उघडावयाची, याविषयी तो काहीच बोलत नाही. दार लावल्याची जबाबदारी त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्याच्या अंगावर ढकलली जाते. १८८९ साली तरुण राय यांना या उत्तरातील अन्याय तत्काळ जाणवला. १९३२ साली मात्र तेच राय आपल्या देशातील हजारो पदवीधरांना जवळपास तेच उत्तर देतात. नोकरीच्या मागे का लागता, इतर मार्ग मोकळे आहेत, हा उत्तरभागाचा पालुपदासारखा आशय आहे. दोन्ही वक्त्यांच्या हेतूंत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे सांगावयास नको. एकाच्या बोलण्यात बेपर्वाई आहे, दुसऱ्याच्या बोलण्यात कळकळ. पण तर्काचा सांगाडा एकच आहे, आणि टीकाकाराला हेतूइतकाच तर्कही पाहावा लागतो.

४

राय यांनी नुसता उपदेश केला नाही, स्वतः कारखाना काढून दाखवला, असे येथे कोणी म्हणेल. ते खरे आहे. १८९२ साली कलकत्त्यातील ९१, अपर सर्क्युलर रोड या राहत्या जागेत, हजाराच्या आतल्या भांडवलावर, बंगाल केमिकलचा प्रारंभ झाला. १९०१ साली तिचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. या उद्योगाचे मोल वादातीत आहे. परंतु तो कसा उभा राहिला याचे राय यांनी केलेले वर्णन बारकाईने वाचले, तर त्यातून निघणारा निष्कर्ष उत्तरभागाहून वेगळा आहे.

पहिली गोष्ट अशी की संस्थापकाचा उदरनिर्वाह या उद्योगावर अवलंबून नव्हता. राय १९१६ पर्यंत प्रेसिडेन्सी कॉलेजात पगारी अध्यापक होते. दिवसा कॉलेज आणि उरलेल्या वेळी कारखाना असा त्यांचा क्रम होता, आणि पगारातून शिल्लक टाकलेला पैसा भांडवलात गेला. म्हणजे ज्या नोकरीला तुच्छ लेखण्यास उत्तरभाग शिकवतो, त्याच नोकरीने हा उद्योग बाल्यावस्थेत पोसला. त्यांचे सहकारी अमूल्यचरण बसू हे डॉक्टर होते. देशी औषधांना वैद्यकव्यवसायात मान्यता मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि त्यांचाही संसार वैद्यकीवर चालत असे. १८९८ साली प्लेगने त्यांचा बळी घेतला. रसायनशास्त्र घेऊन एम. ए. झालेले सतीशचंद्र सिंह हे मात्र पदवीधर म्हणून या धंद्यात उतरले, आणि प्रयोगशाळेत हायड्रोसायनिक आम्लाच्या अपघाती विषबाधेने त्यांचा अंत झाला. या दोन मृत्यूंची हकिकत ग्रंथातील अत्यंत हृद्य भागांपैकी आहे. तिथे राय उपदेशक राहत नाहीत. साथीदार गमावलेला, आणि त्यांच्या वाट्याचे ओझे एकट्याने उचलणारा माणूस तिथे बोलतो. विज्ञानपदवीधराला उद्योगात उतरताना किती थोडा आधार होता आणि किती मोठी जोखीम होती, हे या पानांवरून जितके कळते तितके उत्तरभागातील कोणत्याही युक्तिवादावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट कारखाना स्थिरावल्यानंतरची आहे. १९०३ साली राजशेखर बसू हे रसायनज्ञ म्हणून बंगाल केमिकलमध्ये आले. रसायनशास्त्राची एम. ए. आणि नंतर कायद्याची पदवी घेतलेला हा तरुण पुढे कारखान्याचा व्यवस्थापक झाला आणि १९३२ पर्यंत तेथे राहिला. 'परशुराम' या नावाने बंगाली विनोदी कथेला नवे वळण देणारे, 'चलन्तिका' हा शब्दकोश रचणारे आणि वैज्ञानिक परिभाषेच्या कामात पुढाकार घेणारे लेखक ते हेच. त्यांच्या 'गड्डलिका' या १९२४ सालच्या संग्रहात धर्माच्या नावावर भागभांडवल गोळा करणाऱ्या एका बनावट कंपनीची कथा आहे. खरी कंपनी चालवणाऱ्या माणसाने खोटी कंपनी रंगवावी यात गंमत आहेच, पण अर्थही आहे. उद्योग हा केवळ धाडसाचा प्रांत नसून हिशेब, विश्वास आणि व्यवस्था यांचाही आहे, ही जाण त्या विनोदाच्या मुळाशी आहे. सतीशचंद्र दासगुप्त हे दुसरे उदाहरण. तेही याच कारखान्यातील रसायनज्ञ. 'फायर किंग' हे अग्निशामक यंत्र ही त्यांची कामगिरी. पुढे कारखाना सोडून ते गांधीजींच्या कार्यात आले आणि सोदपूर येथील खादी प्रतिष्ठानचे आधारस्तंभ झाले.

व्यवस्थापक, कोशकार, कथालेखक, ग्रामोद्योगाचा कार्यकर्ता, असे विज्ञानाच्या पदवीतून निघालेले मार्ग किती भिन्न आहेत ! परंतु ते सर्व एका कारखान्याच्या दारातून जातात, आणि तो कारखाना आधी उभा राहिला होता. राजशेखर यांच्या अंगी उद्योगशीलता होती हे निर्विवाद. पण १८८९ साली त्याच गुणांच्या तरुणाला रसायनज्ञाची अशी जागा बंगालमध्ये कोठे मिळाली असती ?

५

ग्रंथातील तिसरा पुरावा विद्यापीठाचा आहे. कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयासाठी १९१२ साली तारकनाथ पालित यांनी आणि १९१३ साली रासबिहारी घोष यांनी मोठ्या देणग्या दिल्या. हे दोघेही वकील होते. विज्ञानपदवीधराने कायद्याकडे वळणे ही बुद्धीची नासाडी होय, असे राय अनेकदा म्हणतात. परंतु ज्या अध्यासनावर ते १९१६ साली बसले ते वकिलीतून जमलेल्या पैशावर उभे होते. पालितांच्या अटीनुसार ही अध्यासने भारतीयांसाठी होती. म्हणजे १८८९ साली जे दार सरकारी खात्याने लावून घेतले होते, त्याच्या शेजारी या देणग्यांनी दुसरे दार पाडले.

या दाराचा परिणाम तत्काळ दिसला. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९०७ साली मद्रास येथून पदार्थविज्ञानात एम. ए. केले, आणि संशोधकाच्या जागेचा मागमूस नसल्याने वित्तखात्याची परीक्षा देऊन ते हिशेबखात्यात अधिकारी झाले. कलकत्त्यात कचेरीचे काम आटोपल्यावर ते महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत संशोधन करीत. १९१७ साली पालित अध्यासन मिळताच कमी वेतन पत्करून त्यांनी सरकारी अधिकारपद सोडले. दहा वर्षे हिशेबखात्यात असलेल्या रामन यांना राय यांच्या उत्तरभागातील वर्णन लावून पाहावे. सुरक्षित सरकारी नोकरी धरणारा पदवीधर म्हणून ते त्या वर्णनात तंतोतंत बसतील. आणि तरीही ते वर्णन त्यांच्याविषयी काहीही सांगणार नाही. १९०७ व १९१७ या वर्षांत रामन यांचा स्वभाव बदलला नाही. जागा अस्तित्वात आली, एवढेच घडले.

मेघनाद साहा यांचे उदाहरण याहून अधिक विचार करावयास लावणारे आहे. ते राय यांचे विद्यार्थी. पूर्व बंगालमधील एका किराणा दुकानदाराचे पुत्र. व्यापाराविषयीची घृणा हा बंगाली पदवीधराचा मूळ रोग, असे राय यांचे निदान आहे. उच्चवर्णीय भद्रलोकांपुरते त्यात तथ्य असेल. पण साहा यांचा जन्मच दुकानात गेला. ज्या जातीवर समाजाने व्यापार जन्माने लादला होता, तिच्यातील मुलाला पदवी ही दुकानातून बाहेर पडण्याची वाट होती. त्याला पुन्हा दुकानाकडे जा असे सांगणे म्हणजे वर्णव्यवस्थेचा हुकूम अर्थशास्त्राच्या भाषेत सांगणे होय. साहा यांनीही वित्तखात्याची परीक्षा देण्याचा विचार केला होता. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयाने त्यांना परवानगी मिळाली नाही. सुदैवाने १९१६ साली विज्ञान महाविद्यालयात व्याख्यात्याची जागा होती, म्हणून पुढचे साहा जगाला दिसले. असे साहा राय यांच्या वर्गात बसलेले होते. तरी उत्तरभाग लिहिताना त्यांचे चरित्र गुरूच्या डोळ्यांसमोर आले नाही, याचे नवल वाटते.

६

आणखी एक विसंगती ग्रंथाच्या बाहेर, परंतु राय यांच्याच लेखनात आहे. त्यांच्या 'हिस्टरी ऑफ हिंदू केमिस्ट्री' या ग्रंथाचा पहिला खंड १९०२ साली व दुसरा १९०९ साली प्रसिद्ध झाला. भारतात वैज्ञानिक वृत्तीचा ऱ्हास का झाला, याची मीमांसा त्यांनी तेथे केली आहे. हातांनी करावयाची कामे खालच्या मानलेल्या जातींकडे गेली, विचार करणारा वर्ग त्या कामांपासून दूर झाला, आणि हात व बुद्धी यांची फारकत होताच प्रयोगाची परंपरा खुंटली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मीमांसेचे सर्व तपशील आज मान्य होतील असे नाही. परंतु तिची जात लक्षणीय आहे. एका समाजाच्या बौद्धिक अवनतीचे कारण त्यांनी व्यक्तींच्या आळसात शोधले नाही. समाजाच्या रचनेत शोधले.

तीस वर्षांनंतर तोच लेखक त्याच रोगाची लक्षणे पदवीधरात पाहतो. पुस्तकी ज्ञान आहे, हाताला काम नको. पण आता निदान बदललेले असते. रचनेच्या जागी स्वभाव येतो. हात आणि बुद्धी यांची फारकत हे शतकानुशतकांचे कार्य असेल, तर ती मोडण्याचे काम बावीस वर्षांच्या मुलाच्या इच्छाशक्तीवर कसे सोपवता येईल ? इतिहासकार राय यांनी हा प्रश्न विचारला असता. आत्मचरित्रकार राय तो विचारीत नाहीत. कदाचित असे असेल की ज्याने स्वतः ती फारकत मोडून दाखवली, त्याला ती मोडणे हे इच्छेचेच काम वाटू लागते. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारातच हा धोका दडलेला आहे. स्वतःचे आयुष्य प्रमाण मानले की आपल्याला मिळालेले आधार अदृश्य होतात आणि आपले कष्ट तेवढे डोळ्यांपुढे राहतात. गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती त्या वर्षी साऱ्या हिंदुस्थानातून दोघांनाच मिळाली. राय ही गोष्ट आपल्या अभ्यासाचे फळ म्हणून सांगतात, आणि ते खरेच आहे. पण तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाचे काय झाले, हा प्रश्न त्या हकिकतीत उद्भवत नाही.

७

हा विचार बंगालपुरता नाही, हे पश्चिम हिंदुस्थानातील समकालीन प्रयत्नांशी तुलना केली असता दिसून येते. सुरतेचे त्रिभुवनदास गज्जर (१८६३-१९२०) हे राय यांच्याच पिढीचे रसायनशास्त्रज्ञ. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापन झाले, त्यामागे गज्जर यांची योजना होती. रंगकामासारख्या चालू धंद्यांशी रसायनशास्त्राची सांगड घालावी आणि शिक्षण देशभाषेतून द्यावे, ही त्यांची दृष्टी. पुढे ते मुंबईस विल्सन कॉलेजात आले आणि गिरगावात त्यांनी स्वतःची रासायनिक प्रयोगशाळा चालवली. १८९६ साली मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासण्यात आले. तो पुतळा मूळच्या शुभ्रतेवर आणण्याची त्यांची कामगिरी त्या काळी गाजली होती. १९०७ साली निघालेल्या अलेंबिक या उद्योगामागे गज्जर यांच्याबरोबर त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन हे होते. येथेही शिष्याला उद्योगाची वाट मिळाली, आणि येथेही ती संस्था व प्रयोगशाळा यांच्यामधून गेली. गज्जर यांनी पदवीधराला दोष देण्यापेक्षा त्याला धंद्यापर्यंत नेणारी पायरी बांधण्यावर भर दिला, हा त्यांच्या कार्याचा विशेष.

राय यांचा पहिला खंड प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरातच, १९३३ साली, मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग उघडला. कापडगिरण्यांच्या शहरात कापडरसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या शाखांनी त्याचा प्रारंभ झाला, आणि विज्ञानाच्या पदवीधरालाच तेथे पुढचे तांत्रिक शिक्षण मिळू लागले. पदवी व कारखाना यांमधील जे अंतर स्वतःच्या हिमतीने उडी मारून पार करावे असे उत्तरभाग सुचवतो, त्या अंतरावर या विभागाने पूल घातला. या पुलावरून गेलेल्या विद्यार्थ्यांचा स्वभाव कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांहून निराळा होता, असे मानण्यास आधार नाही.

त्याच १९३३ सालातील दुसरी घटना स्वभावसिद्धान्ताची उणीव अधिकच उघड करते. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागावयास गेल्या. घरात रसायनशास्त्राची परंपरा, उत्तम गुण, कष्टाची तयारी, हे सारे त्यांच्यापाशी होते. संस्थेचे संचालक तेव्हा रामन होते. केवळ स्त्री म्हणून त्यांना आधी नकार मिळाला आणि मग अटी घालून प्रवेश देण्यात आला. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवली, आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी केलेले नीरेवरील काम सर्वश्रुत आहे. ज्यांच्यासाठी पालितांच्या देणगीने दार उघडले, त्यांनीच सोळा वर्षांनी दुसऱ्या दारात अटी घातल्या, ही नोंद कटू असली तरी आवश्यक आहे. राय यांचा 'पदवीधर' सर्वत्र पुरुष आहे. त्याच्या दोषांची यादी कितीही वाढवली तरी कमला भागवतांच्या अडचणीचे स्पष्टीकरण तीत सापडत नाही, कारण ती अडचण त्यांच्या ठायी नव्हतीच.

८

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. संस्था आकाशातून पडत नाहीत. त्या राय, गज्जर, आशुतोष मुखर्जी अशा माणसांच्या चारित्र्यातूनच निर्माण होतात. मग चारित्र्यावर भर दिला तर बिघडले कोठे ? आक्षेप गंभीर आहे आणि त्यातील अर्धे सत्य मान्य केलेच पाहिजे. बंगाल केमिकल राय यांच्यावाचून झाली नसती. १९२१ साली साठी पूर्ण होताच त्यांनी आपला पुढचा सर्व पगार विद्यापीठाला देऊन टाकला. १९२४ साली इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांचे शिष्य ज्ञानचंद्र घोष १९३९ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेचे संचालक झाले आणि स्वातंत्र्यानंतर खरगपूर येथील तंत्रविज्ञानसंस्थेचे पहिले संचालक. ही परंपरा चारित्र्याचीच आहे.

परंतु या परंपरेतील चारित्र्याने केले काय, हे पाहिले म्हणजे आक्षेपाचे उत्तर मिळते. त्याने दुसऱ्यांसाठी जागा निर्माण केल्या. राय यांच्या आयुष्यातील थोरवी त्यांनी नोकरी तुच्छ मानली यात नाही. स्वतःला जी वाट नाकारली गेली ती आपल्या मागून येणाऱ्यांना मोकळी करून दिली, यात ती आहे. ग्रंथाचा पूर्वभाग हे सांगतो, पण लेखक स्वतः त्यातून तो निष्कर्ष काढीत नाही. तो बोध काढतो तो निराळाच : प्रत्येकाने माझ्यासारखे व्हावे. वाट बांधणाऱ्याचे चारित्र्य आणि वाटेने चालणाऱ्याचे चारित्र्य यांची ही गल्लत आहे. पहिल्याची अपेक्षा विद्यापीठे, सरकार, धनिक आणि प्रस्थापित विद्वान यांच्याकडून करावयाची असते. ती नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाकडून केली की अपेक्षा करणारे सर्वजण आपोआप मोकळे होतात. खुद्द बंगाल केमिकललाही संस्थापकाचे चारित्र्य कायमचे पुरले नाही. १९७७ साली तिचे व्यवस्थापन सरकारला हाती घ्यावे लागले आणि १९८० साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

राय यांच्या ग्रंथाचे मूल्यमापन म्हणून दोन गोष्टी सांगता येतात. वाङ्मयदृष्ट्या त्याचा पूर्वभाग भारतीय आत्मचरित्रांत वरच्या पंक्तीला बसेल, आणि उत्तरभाग मुख्यतः काळाचा दस्तऐवज म्हणून उरेल. विचारदृष्ट्या हे दोन भाग परस्परांविरुद्ध वाचावयास हवेत. उत्तरभागातील प्रत्येक सामान्य विधानापुढे पूर्वभागातील एखादे नाव ठेवून पाहावे, म्हणजे ते विधान कोठपर्यंत टिकते हे कळते. हा ग्रंथ आजही विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिला जातो, तो बहुधा उत्तरभागातील उपदेशासाठी. नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा, हा त्याचा आजचा अवतार प्रत्येक पदवीदान समारंभात ऐकू येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तो ऐकावा, पण राय यांचीच पहिली पाने उघडून आपल्या विद्यापीठाला काही प्रश्नही विचारावेत. या विभागातून बाहेर पडणाऱ्यांसाठी कोणती जागा आहे ? ती कोणी निर्माण केली ? नसेल तर ती निर्माण करण्याचे काम कोणाकडे आहे ? या प्रश्नांना टाळून दिलेले उत्तर, ते कितीही कळकळीचे असो, १८८९ साली क्रॉफ्ट यांनी दिलेल्या उत्तराच्या पुढे जात नाही.